युक्तीबरोबर तिची अटही छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

एमबीए प्रवेश परीक्षांचा हंगाम जवळ आला की शिक्षण पुरवण्यांतून, क्लासच्या पत्रकांतून आणि मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून ‘दहा सेकंदांत उत्तर’ देणाऱ्या युक्त्यांचा पाऊस पडतो. युक्त्यांना विरोध असण्याचे कारण नाही. राज्य सीईटी कक्षाच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद. त्यातले ५० प्रश्न गणिताचे. प्रत्येक वेळी शाळेसारखे ‘समजा, ती संख्या क्ष आहे’ असे म्हणत बसले तर पेपर अर्धाच राहील. तक्रार वेगळी आहे. युक्ती छापली जाते, ती कोणत्या अटीवर चालते ते छापत नाहीत. प्रश्न काढणारा नेमके त्या अटीवर बोट ठेवतो आणि अट विसरून काढलेले उत्तर पर्यायांत मुद्दाम मांडून ठेवलेले असते.

सगळ्यात लोकप्रिय युक्ती नफा-तोट्याची. ‘दोन वस्तू विकल्या, एकीवर १० टक्के नफा, दुसरीवर १० टक्के तोटा, दराचा वर्ग करून १०० ने भागा, एकूण १ टक्का तोटा.’ दोन्ही वस्तूंची विक्री किंमत सारखी असेल तरच हे खरे. प्रत्येकी ९९० रुपयांना विकल्या, तर खरेदी ९०० आणि ११०० ची, मिळून २०००. हाती आले १९८०. वीस रुपये गेले, म्हणजे १ टक्का. आता प्रश्नात ‘प्रत्येकी ९९० ला विकल्या’ऐवजी ‘प्रत्येकी ९९० ला घेतल्या’ असे लिहून पाहा. एकीवर ९९ आले, दुसरीवर ९९ गेले. ना नफा, ना तोटा. घाईत वाचणारा विद्यार्थी १ टक्क्यावर खूण करून पुढे जातो, आणि आपले चुकले हे त्याला निकालापर्यंत कळतही नाही.

सरासरी वेगाचे सूत्रही असेच: वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले वेगांची बेरीज. जाताना ताशी ४० किलोमीटर, येताना ६०, सरासरी ४८. इथे अट आहे समान अंतराची. पण पहिले ८० किलोमीटर ४० च्या वेगाने आणि पुढचे १२० किलोमीटर ६० च्या वेगाने कापले असतील, तर दोन्ही टप्प्यांना दोन-दोन तास लागतात; २०० किलोमीटर, ४ तास, सरासरी ५०. अंतर सारखे तर ४८, वेळ सारखा तर ५०. दोन्ही सारखे नसतील तर एकूण अंतराला एकूण वेळाने भागावे, दुसरा रस्ता शोधू नये.

काळ-कामाच्या उदाहरणांवर थोडे थांबायला हवे, कारण तिथे युक्ती बरोबर असूनही तिच्यावर रचलेली दुसरी युक्ती दगा देते. पहिली युक्ती लसाविची. एक गवंडी काम १२ दिवसांत करतो, दुसरा १८ दिवसांत. लसावि ३६, म्हणून कामाचे ३६ भाग मानायचे. पहिला रोज ३ भाग करतो, दुसरा २. मिळून रोज ५ भाग, म्हणजे ७ १/५ दिवस. अपूर्णांकांच्या बेरजेपेक्षा हे जलद, आणि यात फसण्यासारखे काही नाही. आता तेच दोघे एक दिवसाआड आळीपाळीने कामावर येतात. इथे सांगितले जाते, ‘एकत्र लागणाऱ्या दिवसांची दुप्पट करा’: १४ २/५. हे उत्तर चूक आहे. दर दोन दिवसांत ५ भाग, म्हणून १४ दिवसांत ३५ भाग झाले, उरला एक. पंधराव्या दिवशी पाळी पहिल्याची असेल तर तो उरलेला भाग तृतीयांश दिवसात संपवतो: १४ १/३. सुरुवात दुसऱ्याने केली असेल तर त्या दिवशी पाळीही त्याचीच, त्याला अर्धा दिवस लागतो: १४ १/२. आधी कोण आला यावर उत्तर ठरते आणि दुप्पट करणाऱ्याने तो शब्द वाचलेलाच नसतो. दुप्पट करून बरोबर उत्तर केव्हा येते? जोडीच्या दोन दिवसांच्या कामाने एकूण भागांना नि:शेष भाग जातो तेव्हा. १० आणि १५ दिवस घ्या: ३० भाग, ३ आणि २, सहा जोड्यांत काम संपले, १२ दिवस. युक्ती समजावायला हेच आकडे घेतले की शिकणाऱ्याला शंकाही येत नाही.

चक्रवाढ आणि सरळव्याजातला फरक म्हणजे मुद्दल गुणिले दराचा वर्ग (१० टक्के म्हणजे ०.१ धरून), हे फक्त दोन कालावधींसाठी. १०,००० रुपये, १० टक्के, दोन वर्षे: फरक १००. तीन वर्षांना तो ३१० होतो, १५० नव्हे. व्याज सहामाही आकारले, तर एका वर्षातच दोन कालावधी होतात आणि प्रत्येकाचा दर ५ टक्के धरावा लागतो. फरक २५ रुपये.

मिश्रणाच्या गणितात दोन युक्त्या आहेत आणि दोन्ही नीट कळल्या तर खरोखर मोलाच्या आहेत. पहिली काढ-भर करण्याची. ४० लिटर दुधातून ४ लिटर काढून तेवढेच पाणी घातले, असे तीनदा केले, तर उरलेले दूध ४० × ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे २९.१६ लिटर. हे सूत्र घातांकासह पाठ केलेला विद्यार्थी ‘पहिल्यांदा ४ लिटर, दुसऱ्यांदा ५ लिटर’ असा प्रश्न आला की अडतो. सूत्राचा अर्थ इतकाच की दर खेपेला दुधाचा किती हिस्सा भांड्यात उरला त्याने गुणत जायचे. पहिल्या खेपेला ३६/४०, दुसऱ्या खेपेला ३५/४०. उत्तर ३१.५ लिटर. मात्र जेवढे काढले तेवढेच भरले नाही, तर पुढच्या खेपेला छेद ४० राहत नाही.

दुसरी तिरकस वजाबाकी. ४० रुपये आणि ६० रुपये किलोचा तांदूळ मिसळून ४५ चा करायचा, तर ६० वजा ४५ म्हणजे १५, ४५ वजा ४० म्हणजे ५, प्रमाण ३:१. किलोत. आता एका मालावर १० टक्के, दुसऱ्यावर २५ टक्के आणि एकूण १५ टक्के नफा झाला; तिरकस वजाबाकीने २:१ येते. हे प्रमाण कशाचे? बरेच जण किलोचे समजतात. ते खरेदीच्या रकमेचे आहे. ओळखायची खूण साधी आहे: भावात, वेगात किंवा टक्क्यात छेदाला जी राशी असते, तिचे गुणोत्तर मिळते. रुपये प्रति किलो असेल तर किलोचे, किलोमीटर प्रति तास असेल तर तासांचे, खरेदीवर टक्के असतील तर खरेदीचे. वरच्या ४०, ६० आणि ४८ वर हीच वजाबाकी करून पाहा. १२:८, म्हणजे ३:२ येते. तीन तास ४० ने आणि दोन तास ६० ने, दोन्ही वेळा १२० किलोमीटर. समान अंतराची अट आपोआप समोर येते.

पर्याय गाळण्याच्या युक्त्यांनाही मर्यादा आहेत. ४७ × ८३ चा एकक अंक १. अंकांची बेरीज दोन्हींची ११, म्हणजे २ आणि २, गुणाकार ४. उत्तराच्या अंकांची बेरीजही ४ वर यायला हवी. ३०९१ या दोन्ही कसोट्यांना उतरतो, कारण अंकांची अदलाबदल बेरजेला कळत नाही. ५० × ८० म्हणजे ४००० हा अंदाज त्याला बाद करतो. पण पर्यायांत ३८११ ठेवला तर तो तिन्ही चाळण्यांतून निसटतो. तिथे गुणाकारच करावा: दोन्ही संख्या ६५ पासून १८ ने दूर, म्हणून ४२२५ वजा ३२४, उत्तर ३९०१. आकडेवारीच्या तक्त्यांतही हाच विचार. पर्याय एकमेकांपासून दूर असतील तर बेधडक पूर्णांकात घ्या. एखाद-दोन टक्क्यांच्या अंतरावर असतील तर अंदाज महागात पडतो.

ज्यांना अट नाही अशाही युक्त्या आहेत, आणि त्यांच्याकडेच कमी लक्ष जाते: १/६ म्हणजे १६.६६ टक्के, १/७ म्हणजे १४.२८, ३/८ म्हणजे ३७.५. निदान १/१२ पर्यंतचे हे कोष्टक आणि ३० पर्यंतचे वर्ग तोंडपाठ हवेत. पावकी, निमकी, दिडकी घोकलेल्या पिढीला हे सांगावे लागले नसते.

सीईटी आणि कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा) यांना एकच औषध देणेही थांबावे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. शेवटची दोन मिनिटे उरलेल्या खुणा करण्यासाठीच राखावीत. कॅटमध्ये अलीकडे गणिताच्या २२ प्रश्नांना ४० मिनिटे मिळतात, म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ, शिवाय पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर. तिथे आकडेमोडीचा वेग दुय्यम. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीच्या पर्यायाला उणे १. चारपैकी एकही पर्याय गाळता आला नाही तर अंदाजाचा सरासरी लाभ शून्य. एक नक्की गाळता आला तर तो प्रश्नामागे १/३ गुण होतो. उत्तर स्वतः टाइप करायच्या प्रश्नांना गुण वजा होत नाहीत, तरीही ते कोरे टाकून येणारे दिसतात.

आपल्या पुरवणीला विनंती इतकीच, की प्रत्येक युक्तीखाली तिची अट आणि ती जिथे फसते असे एक उदाहरण द्यावे. ओळ-दीड ओळ पुरते. नमुना असा: ‘घड्याळाच्या काट्यांतला कोन: तास गुणिले ३० वजा मिनिटे गुणिले साडेपाच, ऋण चिन्ह आले तर सोडून द्या. अट: उत्तर १८० पेक्षा जास्त आले तर ते ३६० मधून वजा करा. ९ वाजून १० मिनिटांनी २१५ येते, लहान कोन १४५ अंश.’

आपला,
गणिताचा एक शिक्षक, सातारा