सूचना : टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी

यामाहा डीटी-१, सुझुकी टीएस अशा जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर काम करणाऱ्या सभासदांनी प्रेशर टेस्ट (इंजिनात हवा भरून गळती तपासणे) झाल्याशिवाय किक मारू नये. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) ऑइल सील कडक होतात. मॅग्नेटोकडचे (वीज तयार करणाऱ्या भागाकडचे) सील गेले तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि नवा पिस्टन जाम होतो. क्लचकडचे गेले तर गिअरबॉक्समधले तेल जळून पांढरा धूर निघत राहतो, आणि आपण उगाच कार्ब्युरेटर उघडत बसतो!

एक्झॉस्ट आणि इनटेक रबराने घट्ट बंद करा, हातपंपाने ६ पीएसआय दाबापर्यंत हवा भरा. ६ मिनिटांत दाबमापकाचा काटा जवळजवळ हलता कामा नये. हलला तर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे दिसतील तिथे गळती. १० पीएसआयच्या वर नेऊ नका, चांगले सीलही जागेवरून सरकते.

ऑटोल्यूब पंपातली (इंजिनाला आपोआप तेल पुरवणाऱ्या पंपातली) हवा काढलीच पाहिजे. तरीही पहिली टाकी ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल मिसळूनच भरा.

एक्सपान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप) बदलला असेल तर आधी कार्ब्युरेटरमध्ये मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) घाला, मग प्लगचा रंग पाहत एकेक पायरी लहान जेटकडे या.

आणि हो, केसिंगचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे आहेत. साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात.