गॅदरिंगच्या टी-शर्टाचा हिशेब

महोदय,

१ मेला महाविद्यालयांत झेंडावंदन होते, महाराष्ट्र दिनाची भाषणे होतात आणि कामगार दिन एखाद्या भित्तिपत्रकावर भागवला जातो. परीक्षा तोंडावर असल्याने मुलेही फारशी नसतात. तुटपुंज्या मजुरीत बेसुमार तास राबवून घेणारे कारखाने, म्हणजे स्वेटशॉप, हा विषय विद्यार्थ्यांपर्यंत पोचवायचा तर मे महिना कामाचा नाही. तो नोव्हेंबर-डिसेंबरात घ्यावा, गॅदरिंगच्या आणि क्रीडास्पर्धांच्या टी-शर्टांची ऑर्डर निघते तेव्हा. त्या व्यवहारात महाविद्यालय स्वतः खरेदीदार असते, आणि कपड्याच्या धंद्यात शेवटी चालते ते खरेदीदाराचेच.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी हे नेमके हेरले. तिथे विद्यापीठाचे नाव कपड्यावर छापायला कंपनीला परवाना घ्यावा लागतो. होंडुरासमधला युनियन झालेला एक कारखाना रसेल या कपड्यांच्या कंपनीने २००९ च्या सुरुवातीला बंद केला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या रेट्याने एकामागून एक विद्यापीठांनी तिचे परवाने थांबवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने नवा कारखाना उघडून सुमारे १,२०० कामगारांना परत घेण्याचे आणि युनियन मानण्याचे कबूल केले. 'हे कपडे घालू नका' एवढ्यावर ती मुले थांबली नव्हती. नुसत्या बहिष्काराने ऑर्डर जाते आणि ऑर्डरीबरोबर कामगाराचे कामही जाते, हे आपल्याकडच्या उत्साही मंडळींना आधीच सांगितलेले बरे.

सुरुवात एका जुन्या टी-शर्टापासून करावी. छोटी कात्री घेऊन वर्गात तो मुलांकडून उसवून घ्यावा आणि शिलाया मोजाव्यात. खांद्याची जोड, गळ्याची रिब, मानेमागची पट्टी, दोन बाह्या, दोन्ही बाजू, बाह्यांची आणि घेराची दुमड, शेवटी लेबल. जोडायचे काम बहुतेक ओव्हरलॉक मशीनवर होते, दुमडीचे फ्लॅटलॉक मशीनवर. साध्या गोल गळ्याच्या टी-शर्टाला शिलाईची प्रमाणित वेळ साधारण ८ मिनिटे धरतात. पण सुई तुटते, दोरा बदलावा लागतो, कटिंगचा गठ्ठा वेळेवर येत नाही. कार्यक्षमता ५० टक्के धरली तर १६ मिनिटे झाली.

आता मजुरी. बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांत डिसेंबर २०२३ पासून किमान मासिक मजुरी १२,५०० टका आहे. कामगार संघटनांनी मागितले होते २३,०००. रोज ८ तास आणि महिन्याला २६ दिवस म्हणजे २०८ तास, म्हणजे ताशी जवळपास ६० टका. १६ मिनिटांचे १६ टका. किमान मजुरीवरच्या कामगाराला एक टी-शर्ट शिवण्याचे मिळतात ते एवढे. ही मजुरी दुप्पट केली तर दुकानातली किंमत किती वाढेल, हे मुलांनीच फळ्यावर मांडावे.

हाच हिशेब नाशिकच्या दराने करताना एक चूक हमखास होते. किमान वेतनाच्या तक्त्यातला मूळ दर उचलला जातो आणि विशेष भत्ता राहून जातो. किमान वेतन या दोहोंची बेरीज असते, आणि भत्ता दर जानेवारी-जुलैला बदलतो. परिमंडळही पाहावे लागते, कारण महापालिका हद्दीतला दर खेड्यातल्या वर्कशॉपला लागू होत नाही. कामगार पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, असला तरी त्याची दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये, आणि जादा तासांना दुप्पट दर आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करून शिकणाऱ्या मुलांनी तर आपलीच पगाराची चिठ्ठी काढून पाहावी. कापलेला पीएफ खरोखर जमा झाला का, हे यूएएनच्या, म्हणजे पीएफ क्रमांकाच्या, पासबुकात दिसते. ठेकेदार मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापतो का, हे मात्र चिठ्ठीवरच्या कपाती जोडूनच कळते.

प्रमाणपत्र हा वेगळा प्रश्न आहे, आणि इथे मुले सहज फसतात. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे चांगल्या कार्यपरिस्थितीचे प्रमाणपत्र मिळाले होते. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली. खिडक्यांना गज, बाहेर पडायची दारे बंद. अडीचशेहून अधिक कामगार मेले. तारीख आधी कळवून तपासणी केली की दारे तेवढ्या दिवसापुरती उघडतात, हजेरीचे दुसरे रजिस्टर टेबलावर येते आणि काय बोलायचे हे कामगारांना पढवलेले असते. ढाक्याजवळच्या राणा प्लाझाची गोष्ट याहून बोलकी आहे. २४ एप्रिल २०१३ ला ती आठ मजली इमारत कोसळून १,१३४ माणसे गेली. भिंतींना आदल्या दिवशीच तडे गेले होते. खालची बँक आणि दुकाने बंद झाली, पण वरच्या पाच कारखान्यांतल्या कामगारांना पगार अडवण्याची धमकी देऊन कामावर चढवले. पाचांपैकी एकातही युनियन नव्हती. 'आज वर जाणार नाही' हे एकट्याने म्हणणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार नेमके याच हक्काचे, संघटना बांधण्याचे आणि सामूहिक वाटाघाटीचे आहेत; भारताने ते अजून मंजूर केलेले नाहीत. वर्गात यावर वाद व्हावा, जरूर व्हावा. राणा प्लाझानंतर ब्रँड आणि संघटना यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला आणि तपासणीचे अहवाल कारखान्यांच्या नावानिशी खुले झाले. प्रमाणपत्रापेक्षा ते वाचायला द्यावेत.

परदेशी खरेदीदारांच्या अशाच साखळीचे कामगाराकडचे टोक तर आपल्याच जिल्ह्यात आहे. निफाड-दिंडोरीच्या निर्यातक्षम द्राक्षांना ग्लोबलगॅप हे शेतीपद्धतीचे प्रमाणपत्र लागते आणि युरोपातले बरेच खरेदीदार त्याला जोडून मजुरांच्या परिस्थितीची तपासणीही मागतात, तिचे नाव ग्रास्प. बागेत विरळणीला आणि डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, टोळ्या येतात पेठ-सुरगाण्याहून, बऱ्याचदा उचल घेऊन, एकरी ठेक्याने, मुकादमामार्फत. तपासणीच्या कागदावर मात्र माणशी रोजंदारी लिहायची असते. मुकादमाच्या हातात पडलेले पैसे प्रत्येकाला किती मिळाले, हे त्या कागदावरून कळते का, हा दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टला पुरून उरणारा विषय आहे. फक्त पथ्य पाळावे. बागाईतदारासमोर किंवा मुकादमासमोर मुलाखत घेऊ नये, चेहऱ्याचे फोटो काढू नयेत, वहीत नाव लिहू नये. नाही तर विद्यार्थ्याला गुण मिळतात आणि मजुराचे पुढच्या टोळीतले काम तुटते.

आता ऑर्डरीकडे. तीन कोटेशन मागवून सर्वांत कमी दराचे घ्यायचे, हा महाविद्यालयांचा रिवाज. दर कुठे कापला गेला हे कोणी विचारत नाही. कापड तर बहुधा तिरुपूरचेच आणि जवळपास त्याच भावाचे असते, म्हणजे उरते शिलाई. म्हणून अटी कोटेशन मागवतानाच घालाव्यात. शिलाई कुठे होणार त्या वर्कशॉपचा पत्ता, काम दुसरीकडे द्यायचे तर आधी कळवणे, नगामागे कारागिराला मिळणारा दर लेखी, आणि काम चालू असताना दोन विद्यार्थ्यांना भेट देण्याची मुभा. हे मान्य नसलेला दर स्वस्त असला तरी मोजूच नये.

वेळेचे गणितही तेवढेच महत्त्वाचे. ५०० नगांना १६ मिनिटांनी ८,००० मिनिटे, म्हणजे १३३ तास. चार कारागीर रोज आठ तास बसले तर चार दिवसांहून थोडे अधिक. आधी कापड येणे आणि कटिंग, नंतर छपाई, तपासणी, इस्त्री, पॅकिंग. वर्कशॉपच्या हातात दुसऱ्यांची कामेही असतातच. तीन आठवडे द्यावेत. प्रत्यक्षात होते काय, तर सहा दिवस उरलेले असताना समितीला लोगोत एक रंग वाढवायचा असतो. त्या रंगाची नवी स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, लागते, छपाई अडते, शिवणाऱ्याच्या रात्री जातात आणि उरलेला माल ज्याचे नाव कुठेच नाही अशा वर्कशॉपकडे पोचतो. डिझाइनवर सही झाली की ते बदलायचे नाही, हा ठराव विद्यार्थी मंडळाने करावा.

राहिले बिल. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा आहे. तरी बिले मार्चअखेरपर्यंत लेखा विभागात पडून राहतात आणि पीस रेट तोवर अडकतो. ४० टक्के आगाऊ आणि माल तपासल्यावर पंधरा दिवसांत बाकी, ही अट महाविद्यालयाने स्वतःवर घालून घ्यावी. बिलाचा पाठपुरावा एखाद्या स्वयंसेवकाकडे द्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्षाच्या १२० तासांत तो धरायला कोणाची हरकत नसावी.

– नाशिकमधील काही प्राध्यापक व कामगार कार्यकर्ते