फार्महाऊसच्या तलावाची पाळ कोण बघणार?

संपादक साहेब, काटोल रोडकडे आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एका फार्महाऊसवाल्याने नाल्यावर मातीचा बांध घातलाय. पाळीवर बाभळी चांगल्या मनगटाएवढ्या झाल्यात, उंदरा-खेकड्यांची बिळं आहेतच, आणि मासे वाहून जाऊ नये म्हणून सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, जाळी ठोकलीये, तिच्यात काडीकचरा अडकतो, मग जोराचा पाऊस आला की पाणी जाणार कुठून, पाळीवरूनच ना! मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की ती कापत जाते. पायथ्याशी झिरपणारं पाणी नितळ असेल तर नजर ठेवावी, गढूळ यायला लागलं तर आतली माती चालली समजा.

मालकाला म्हटलं तर म्हणतो प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. पाणी फुटलं की सातबारा बघून वाहणार का? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मोठ्या धरणांसाठी, १० मीटरच्या आतली अशी छोटी धरणं त्यात बसतच नाहीत. २०१९ ला रत्नागिरीकडचं तिवरे धरण फुटलं, २०२३ च्या सप्टेंबरात नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन शहरात पाणी शिरलं, ते तर सरकारी होते, यांना कोण विचारणार?

तहसीलने मृगाआधी निदान सांडवे तरी मोकळे करून घ्यावे. आणि मोठी झाडं जेसीबीने उपटू नका म्हणावं, मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते.

– एक शेतकरी, नागपूर