मस्टर वाचायला शिकवणाऱ्या रावसाहेबांना

आदरणीय रावसाहेब,
सप्रेम नमस्कार.

‘राष्ट्रविकासात नागरी सेवेची भूमिका’ या विषयाचं तयार उत्तर स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही क्लासमध्ये मिळतं. पोलादी चौकट, सरदार पटेल, धोरणांची अंमलबजावणी, की झाला निबंध. अभ्यासिकेत दर रविवारी विनामोबदला शिकवायला येणाऱ्या तुम्ही मात्र आम्हाला १९७२ च्या दुष्काळातलं मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, वाचायला शिकवलंत. त्याचे आभार आज जाहीरपणे मानते.

१९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटींच्या आसपास होती. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसं होती. म्हणजे दहातला एकजण खडी फोडत होता, नाहीतर पाझर तलावाची माती वाहत होता. हे दोन आकडे फळ्यावर लिहून तुम्ही विचारलंत, “आता यांची मजुरी कोण काढणार?” वर्ग चिडीचूप. मग मुकादमाची हजेरी, ओव्हरसियरने (कामाची देखरेख करणाऱ्याने) मोजलेले खड्डे, मोजमाप पुस्तकातली नोंद, त्यावरून निघणारी मजुरी आणि शेवटी कामावर जाऊन रोख वाटप, असा सगळा रस्ता तुम्ही उलगडलात. एक सही अडली की मजुराचा आठवड्याचा बाजार बुडायचा. तेव्हा तुम्ही नुकतेच कारकून म्हणून लागला होतात, आणि बेरजा करता करता रात्र सरायची.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमीचा राज्याचा १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल, पैशासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर, पुढे २००५ चा केंद्राचा कायदा, हे सगळं पुस्तकात सापडतं. ‘मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम’ हेही सापडतं. पण मागणीचा अर्ज घेतला कुणी? तारीख टाकली का? पोच दिली का? पोचच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? विधिमंडळाने दिलेला हक्क टेबलावरच्या एका न दिलेल्या कागदाने कसा संपतो, हे तुम्ही विचारायला लावलंत.

बोगस मस्टरंही तुम्ही झाकली नाहीत. एकाच हाताने उठवलेले अंगठे आणि वारलेल्या माणसाची हजेरी कशी ओळखायची, तेही दाखवलंत. (बहुतेक निवृत्त साहेबांच्या आठवणींत ते स्वतः सोडून बाकी सगळे भ्रष्ट असतात. तुम्ही तसे निघाला नाहीत.) पटेलांच्या १० ऑक्टोबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणातून तुम्ही एकच मुद्दा उचललात: अधिकाऱ्याला वरिष्ठांपुढे आपलं मत स्पष्ट सांगता आलं पाहिजे. बाकीचं पाठ करा, म्हणालात.

मी आता पंचायत समितीत आहे. काम मागायला आलेल्या बाईला तारखेची पोच मिळाल्याशिवाय परत पाठवायचं नाही, असं टेबलावर सांगून ठेवलंय. काहींना ते जाचक वाटतं. वाटू दे.

एक विनंती. तुमची ती हाताने लिहिलेली टिपणं नव्या मुलांना हवी आहेत. स्कॅनिंग मी करून देईन, वह्या त्याच दिवशी परत करीन. कधी येऊ, तेवढं कळवा.

आपली विद्यार्थिनी