मदतनिधीच्या कार्यक्रमात दारावरची रांग का तुंबते?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळी उरकली की नाशिकमध्ये संस्थांच्या मदतनिधी कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. कालिदास कलामंदिरातला मदत प्रयोग असो की गंगापूर रोडच्या लॉन्सवरचे स्नेहभोजन, हल्ली कागदी पासाऐवजी चिपचे कार्ड देऊन ते दारात रीडरला, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राला, टेकवायची पद्धत रुजते आहे. पद्धत चांगलीच आहे. मात्र रीडर आणला की रांग मिटली, हा समज चुकीचा. रांग तुंबते ती कार्ड घरी विसरलेल्या, दुसऱ्याच्या पासावर आलेल्या किंवा दारातच देणगी द्यायला निघालेल्या माणसापाशी. त्याच्यासाठी वेगळे टेबल नसेल, तर कार्ड हातात धरलेले सगळे त्याच्यामागे ताटकळतात.

हिशेब करून पाहा. पाचशे पाहुणे असतील तर बहुतेक सगळे शेवटच्या अर्ध्या तासात येतात. छापील यादीत नाव शोधून खूण करायला माणशी अर्धा मिनिट धरले, तर एका टेबलावर ६० जण होतात. म्हणजे आठ-नऊ टेबले हवीत. कार्ड टेकवणे, पडद्यावरचे नाव पाहणे, आत सोडणे याला सहा सेकंद धरले, तर एका रीडरवर ३०० जण होतात. दोन रीडर पुरतात. एक राखीव ठेवावा आणि मोकळ्या झालेल्या माणसांतला सर्वांत जाणकार कार्यकर्ता अडचणींच्या टेबलावर बसवावा. हे टेबल रांगेच्या तोंडाशी नको, चार पावले बाजूला हवे.

रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचाच घ्यावा. हजेरीसाठी स्वस्तात मिळणारे १२५ किलोहर्ट्झचे रीडर दिसायला तसेच असतात, पण अशा पासांसाठी वापरली जाणारी एनटॅग २१३ सारख्या चिपची कार्डे ते वाचत नाहीत. चिपवर पाहुण्याचे नाव, मोबाइल, पॅन यांतले काहीही लिहू नये. एनएफसी (जवळ टेकवून चिप वाचायची सोय) असलेला कोणताही फोन ते वाचू शकतो. चिपचा स्वतःचा क्रमांक पुरेसा आहे, बाकी माहिती आपल्या लॅपटॉपमधल्या यादीत राहू द्यावी.

खरी गडबड इथेच होते. अशा कामाचा साधा यूएसबी रीडर हा बहुधा संगणकाच्या दृष्टीने कीबोर्ड असतो. तो क्रमांक टाइप करून एंटर दाबतो. म्हणून लॅपटॉपचा कीबोर्ड मराठीवर राहिला असेल, तर क्रमांकातल्या ए, बी, सी या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे किंवा चिन्हे उमटतात आणि एकही नाव सापडत नाही. कर्सर रकान्याबाहेर गेला तरी तेच. एक्सेलमध्ये यादी करताना रकाना आधी ‘टेक्स्ट’ करावा. नाहीतर नुसते आकडे असलेल्या क्रमांकाचा पहिला शून्य गळतो, एखाद्यात ई अक्षर मोक्याच्या जागी आले तर तो क्रमांक घातांकात बदलतो. अशी कार्डे मोजकीच असतात, पण दारात नेमकी तीच अडतात. शिवाय दोन रीडर क्रमांक वेगवेगळ्या पद्धतीने लिहीत असतील, तर एकाच कार्डाचे दोन क्रमांक निघतात. कार्डे नोंदवताना आणि दारात रीडर एकाच जातीचे आणि एकाच सेटिंगचे हवेत.

स्टीलच्या टेबलावर रीडर ठेवला की त्याचा पल्ला आखडतो, कारण धातू त्याचे चुंबकीय क्षेत्र खातो. खाली दोन इंच थर्माकोल किंवा लाकडी पाट ठेवला की काम भागते. निमंत्रणपत्रिकेतच चिप बसवली असेल आणि पत्रिकेवरची सोनेरी फॉइल तिच्यावर आली तरी असाच त्रास होतो. छापण्याआधी एक नमुना टेकवून पाहावा. पाकिटातून कार्ड टेकवले तर शेजारचे बँकेचे कार्ड आड येते, म्हणून कार्ड बाहेर काढायला सांगावे.

आपल्याकडे एका पासावर चौघे येतात, कधी दोघे आधी आणि दोघे उशिरा. म्हणून ‘आले’ एवढी खूण पुरत नाही. ‘४ पैकी किती’ हे पडद्यावर दिसायला हवे. दहा पास घेऊन ऑफिसात वाटणाऱ्या देणगीदाराला दहा वेगळी कार्डे द्यावीत आणि सगळी त्याच्याच नावाशी जोडावीत. येणाऱ्यांची नावे आत विचारता येतात, दारात थांबवून विचारू नयेत.

लॉन्सवर गर्दी झाली की मोबाइलचे नेटवर्क बसते. यादी लॅपटॉपमध्येच असावी आणि दोन्ही लॅपटॉप छोट्या राउटरने जोडावेत. त्याला इंटरनेट लागत नाही. नाहीतर एका दारावर वापरलेले कार्ड दुसऱ्या दारावर पुन्हा चालते. आडनावांच्या क्रमाने छापलेली एक प्रत अडचणींच्या टेबलावर असू द्यावी.

देणगीचे मशीन प्रवेशाच्या रीडरपासून वेगळे ठेवावे. पाहुण्याच्या बँक कार्डालाच पास करण्याची कल्पना सोडून द्यावी. ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना कार्डाचा क्रमांक साठवायला मनाई आहे. पिन न टाकता टेकवून ५,००० रुपयांपर्यंतच पैसे देता येतात, हे मशीनवरच्या कार्यकर्त्याला माहीत हवे. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकराची सवलत (जिला ८०जी म्हणतात) मिळत नाही, हे देणगीदाराला पैसे घेण्याआधी सांगणे आपले कर्तव्य आहे.

शहरातल्या सभागृहांच्या आणि लॉन्सच्या व्यवस्थापनांना एवढीच विनंती, की प्रवेशद्वाराशी जनरेटरवर चालणारा एक प्लग पॉइंट आणि दोन-तीन लाकडी टेबले कायमची द्यावीत. आज प्रत्येक संस्था मंडपातून वायर ओढते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात ती अडकते.

– मदतनिधी कार्यक्रमांची प्रवेशनोंद पाहणारे कार्यकर्ते, नाशिक