‘त्रिसमुद्रतोयपीतवाहना’च्या पुढच्या ओळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय इतिहासात हिंदू धर्म कसा दाखवला जातो, यावरचा वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एकीकडे ‘आमच्या धर्माची बदनामी’, दुसरीकडे ‘इतिहासाचे भगवेकरण’. दोन्हीकडचे लोक पुस्तकातल्या एखाद्या वाक्यावर, बहुतेक वेळा एखाद्या विशेषणावर बोट ठेवतात. पुढच्या आवृत्तीत ते विशेषण बदलते आणि पाठ होता तसाच राहतो. आमचे म्हणणे पाठांच्या क्रमाबद्दल आहे.

राज्य मंडळाचे २०१६चे सहावीचे पुस्तक घ्या. हडप्पा, मग वैदिक संस्कृती, मग ‘प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाह’. या तिसऱ्या पाठात जैन आणि बौद्ध धर्म सविस्तर आहेत. त्यांना संस्थापक आहेत, शिकवण आहे, संघ आहे. हिंदू धर्माचे जे काही सांगायचे ते आधीच्या वैदिक पाठात सांगून झालेले असते. देवळे भेटतात ती पुढे कला आणि स्थापत्यात, संत भेटतात सातवीत, धर्मसुधारक त्याच्याही नंतर. इतर मंडळांच्या पुस्तकांचीही घडी थोड्याफार फरकाने अशीच बसलेली आहे. मुलाच्या डोक्यात चित्र राहते ते असे: यज्ञ आणि चार वर्ण म्हणजे हिंदू धर्म, तो एकदा घडला आणि पुढे बाकीच्यांनी त्याविरुद्ध बंड केले.

ऋग्वेदात १०२८ सूक्ते आहेत आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा इंद्राची आहेत. आज इंद्राचे देऊळ शोधूनही सापडणे कठीण. मुलाच्या घरी विठोबा, खंडोबा, गणपती, देवी. इंद्राकडून यांच्यापर्यंत वाट कशी आली? इतिहासाने सांगायला हवे ते हेच, आणि नेमके तेच पुस्तकात नाही. इ.स.पू. ३००पासून पुढची हजार-बाराशे वर्षे विष्णू, शिव आणि देवी यांची उपासना, मूर्ती, मंदिर, तीर्थ, व्रत, पुराणे हे सगळे आकाराला येत होते. मूल ज्याला आपला धर्म म्हणून ओळखते तो या काळात घडला, आणि या काळाला धर्माच्या इतिहासात स्वतंत्र पाठ नाही.

साधने नाहीत म्हणून हा काळ गाळला गेला, असेही नाही. विदिशेजवळ बेसनगरला इ.स.पू. ११०च्या सुमाराचा स्तंभ आहे. तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा दूत हेलिओडोरस याने तो ‘देवदेव वासुदेवा’साठी उभारला आणि लेखात स्वतःला भागवत, म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवले. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहन राणीचा लेख तर मुलांच्या सहलीच्या टप्प्यात आहे. त्याच्या सुरुवातीच्या वंदनात इंद्र आहे, संकर्षण आणि वासुदेव (म्हणजे बलराम आणि कृष्ण) आहेत, चंद्रसूर्य आणि लोकपाल आहेत. पुढे अश्वमेध, राजसूय आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची यादी. जुना देव आणि नवे देव एकाच भिंतीवर. ही वाट समजावायला याहून सोपे साधन मिळणार नाही.

आता नाशिककडे या. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. गौतमीपुत्राची ‘त्रिसमुद्रतोयपीतवाहन’ (ज्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्याली असा) ही पदवी याच लेखातली, आणि शाळेत ती हमखास पाठ करून घेतली जाते. पुढच्या ओळींकडे कोणी जात नाही. तिथे या राजाला ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हटले आहे आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला अशी फुशारकी आहे. लेख कशासाठी कोरला? हे लेणे भद्रायनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना दान दिले, हे सांगण्यासाठी! मुलाने सोन्याचा वर्ख लावलेले ‘सर्वधर्मसमभाव’ हे वाक्य पाठ करण्यापेक्षा, ब्राह्मण्याचा अभिमान आणि भिक्षुसंघाला दान एकाच दगडावर कसे बसले, यावर डोके खाजवावे.

याला एक शेपूटही आहे. कान्हेरीला पाण्याच्या टाक्यावरच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक या शक घराण्यातली, एका महाक्षत्रपाची (शक राजाची) कन्या, असे म्हटले आहे. बहुतेक अभ्यासक तो महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामन मानतात. म्हणजे वर्णसंकर थांबवल्याचे आणि शकांचा नि:पात केल्याचे ज्या घराण्याने दगडावर कोरले, त्याच घराण्यात पुढे शकांची लेक सून म्हणून आली. शास्त्र काय म्हणते आणि माणसे काय करतात यांतले अंतर दाखवायला दहा पाने लिहावी लागत नाहीत. हे दोन लेख शेजारी छापले तरी पुरे.

वर्णव्यवस्थेच्या मजकुरात सर्वांत मोठी चूक होते ती काळाची. चार वर्णांचा एकत्र उल्लेख ऋग्वेदात एकदाच आहे, दहाव्या मंडलातल्या ९०व्या सूक्तात. तिथे शब्द ‘राजन्य’ आहे, ‘क्षत्रिय’ नव्हे. आणि ‘शूद्र’ हा शब्द सबंध ऋग्वेदात याच सूक्तात येतो. दहावे मंडल उत्तरकालीन थरातले. मनुस्मृती त्यानंतर किमान आठशे वर्षांनी आली. तरी पुस्तकांत वर्ण, जाती, चार आश्रम आणि मनूचे नियम ‘वैदिक काळ’ या एकाच पिशवीत भरलेले असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंची सोय होते: एकाला सगळा दोष वेदांवर टाकता येतो, दुसऱ्याला ‘मुळात व्यवस्था कामावर आधारलेली होती’ म्हणून सुटता येते. मध्य प्रदेशातल्या मंदसोरचा, म्हणजे जुन्या दशपुरचा, लेख दोघांनाही अडवतो. लाट देशातून (दक्षिण गुजरातमधून) दशपुरात आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, इ.स. ४३६मध्ये सूर्यमंदिर बांधले; त्यांच्यातल्या काहींनी पुढे धनुर्विद्या आणि ज्योतिष असे दुसरे उद्योग धरले, असे लेखच सांगतो. पाचव्या शतकात विणकरांना हे जमत होते. मग दारे कोणासाठी, कुठे आणि केव्हा बंद झाली, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो.

त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मवाळ करून चालणार नाही. ‘अस्पृश्यतेसारख्या अनिष्ट प्रथा रूढ झाल्या’ हे वाक्य आपण सगळे शिकलो. प्रथा आपल्या आपण ‘रूढ झाल्या’, कोणी केल्या नाहीत आणि कोणी भोगल्याही नाहीत. मराठीतले हे ‘झाले’ फार सोयीचे आहे. त्याऐवजी चोखोबांचा एक अभंग छापावा. महाडचे चवदार तळे, २० मार्च १९२७. काळाराम मंदिर, २ मार्च १९३०. पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींचे उपोषण, मे १९४७. या तारखा ‘सामाजिक चळवळी’ या कप्प्यात असतात. त्या धर्माच्या इतिहासातही आहेत, कारण भांडण देवळाच्या दारावर चालले होते. एनसीईआरटीने २०२२मध्ये भार कमी करण्याच्या नावाखाली सहावीच्या पुस्तकातला वर्णव्यवस्थेचा मजकूर छाटला. छाटल्याने इतिहास हलका होत नाही, एवढेच की मूल तो पुढे अर्धवट कुठूनतरी ऐकते.

आणखी एक वाक्य कायमचे निवृत्त करावे: ‘कर्मकांडाचे स्तोम माजले’. गौतम बुद्धांच्या आधी ते माजते, बसवेश्वरांच्या आधी माजते, चक्रधरस्वामींच्या आधी, प्रार्थना समाजाच्या आधीही. दर वेळी नवा महापुरुष यायचा असला की रंगमंचावर हे स्तोम तयारच. यज्ञाला किती गायी लागत, त्या कोणाच्या गोठ्यातून येत, नवी शहरे आणि व्यापारी कोणते होते, यांतले काहीच नसते.

आर्यांच्या प्रश्नावर थोडक्यात. हडप्पा संस्कृती आर्यांच्या स्वारीने बुडाली, हे आता कोणी गंभीरपणे मानत नाही. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरच्या २०१९मधल्या निबंधावरून ‘बाहेरून कोणी आलेच नाही’ असे शिकवणेही चूक. त्या निबंधात एकाच स्त्रीचा डीएनए आहे. तिच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश नाही, इतके तो सांगतो. त्याच महिन्यात आलेल्या, ५२३ प्राचीन व्यक्तींवरच्या अभ्यासाने तो अंश इ.स.पू. २०००–१५००च्या सुमारास भारतात आल्याचे दाखवले. दोन्ही निबंधांचे काही लेखक तर समान आहेत. मोहेंजोदडोच्या मुद्रेखाली ‘पशुपती शिव’ छापताना ‘ही जॉन मार्शल यांनी पटवलेली ओळख, लिपी अजून वाचलेली नाही’ एवढी ओळ घालायला अर्धा सेंटिमीटर जागा लागते.

सरकारी शाळेत धर्म शिकवता येत नाही म्हणून हे सारे टाळतो, ही सबब टिकणारी नाही. राज्यघटनेच्या कलम २८ने बंदी घातली आहे ती धार्मिक शिक्षणावर. धर्मांविषयीचा अभ्यास त्यात मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शालेय अभ्यासक्रमावरच्या अरुणा रॉय खटल्यात २००२मध्येच स्पष्ट केले.

पुस्तके आता टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. बदल मोठा नको. वैदिक पाठातली आहार, वेशभूषा, करमणूक यांची जंत्री एका चौकटीत बसवावी. वाचलेली जागा मौर्यांनंतरच्या पाठाला द्यावी, आणि तिथे बेसनगर, नाणेघाट, नाशिक, मंदसोर या क्रमाने धर्म बदलताना दाखवावा. उद्धृत केलेल्या प्रत्येक ग्रंथासमोर समासात काळ छापावा. स्वाध्यायात ‘वेद किती व कोणते’ यासोबत नाशिक आणि कान्हेरीच्या लेखांचे चार-चार ओळींचे मराठी भाषांतर देऊन विचारावे: या दोहोंत विसंगती कोणती, आणि तुमच्या मते ती का असावी? उत्तरसूचीत याचे एकच उत्तर असू नये, अशी सूचना शिक्षकांसाठी त्याच पानाच्या तळाशी हवी.

आपले,
इतिहासाचे काही शिक्षक