शिबिराची फी भरण्याआधी सरांची वही मागा

महोदय,

वार्षिक परीक्षा संपत आल्या की मैदानांच्या कुंपणांवर उन्हाळी क्रिकेट शिबिरांचे फलक लागतात. पालक फी विचारतात, सर कुठवर खेळलेत ते विचारतात, पांढरा ड्रेस फीमध्येच आहे का तेही विचारतात. आमच्या मुलाकडून आठवड्याला किती चेंडू टाकून घेणार, हे मात्र कुणी विचारत नाही. प्रशिक्षक पारखायचा तर आधी हेच विचारावं.

साधा हिशेब करून बघा. एक नेट (सरावाची जाळी लावलेली खेळपट्टी), तीस मुलं, दोन तास. प्रत्येकाच्या वाट्याला फलंदाजीची चार मिनिटं येतात. वीस सेकंदांना एक चेंडू धरला तर बारा चेंडू. नेट मात्र दोन तास चालू राहतं आणि त्याला ३६० चेंडू लागतात. ते तीसही मुलांनी वाटून टाकले तर काहीच बिघडत नाही. पण लहानग्यांचे चेंडू दोन-दोन टप्पे खात येतात, बाहेर उभे असलेले पालक कुरकुरतात आणि सर चार उंच, दणकट, सांगेल ते ऐकणाऱ्या पोरांना हाक मारतात. प्रत्येकी ९० चेंडू, म्हणजे पंधरा षटकं. तीही जवळजवळ रोज!

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने कोवळ्या वेगवान गोलंदाजांसाठी आखून दिलेली मर्यादा याच्या शेजारी ठेवा. तेरा वर्षांपर्यंत नेटमध्ये एका वेळी ३० चेंडू आणि आठवड्यातून दोनच वेळा. सामन्यात सलग ५ षटकं, दिवसाला १०. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना नेटमध्ये ३६ चेंडू, सलग ६ षटकं, दिवसाला १२.

ही मर्यादा आहे ती कमरेच्या मणक्यांसाठी. उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलाचा डावा पाय क्रीझवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट जोर खालून वर येतो आणि त्याच क्षणी कंबर मागे, डावीकडे वाकून पिळली जाते. सगळा भार मणक्याच्या डाव्या बाजूच्या बारीक कमानीवर पडतो. हाड ही झीज भरून काढतं, पण त्याला वेळ लागतो. तो मिळाला नाही की तडा जातो. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये असा तडा गेला आणि २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या दिमतीला फिजिओ तरी होते.

म्हणून वही लागते. त्या दिवशी टाकलेले चेंडू, कुठे दुखतं का आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजलेली उंची, एवढंच लिहायचं. उंची झपाट्याने वाढू लागली की चेंडू कमी करायचे, कारण हाडं आधी लांब होतात, ताकद मागून येते. गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखायला लागतं तेही बहुधा याच काळात. सगळ्यात महत्त्वाची नोंद ‘काल कुठे टाकलीस?’ या प्रश्नाच्या उत्तराची. शाळेचा सामना, क्लबचा सामना, सोसायटीतलं टेनिस बॉल क्रिकेट, प्रत्येक ठिकाणचे सर वेगळे आणि बेरीज कुणीच करत नाही. टेनिसचा चेंडू हलका म्हणून तो सोडू नका. पाय तितक्याच जोरात आपटतो.

शैलीचंही बघायला हवं. मागचा पाय फलंदाजाच्या दिशेने, कंबर समोर आणि खांदे मात्र आडवे, अशी मिश्र शैली पाठीला सर्वांत वाईट. ती एका बाजूने नीट दिसत नाही. सरांनी गोलंदाजाच्या मागे उभं राहून मागच्या पायाचा पंजा कुठे वळतो ते पाहायला हवं. सुधारणा एका वेळी एकच, तीही स्पर्धा नसताना. दर चेंडूला ‘हात वर, डोकं सरळ, रनअप वाढव’ असं ओरडणाऱ्या सरांकडे शिकणारा मुलगा चौथ्या चेंडूला रनअपच विसरतो.

सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. गोलंदाजाने बाद केलं तर नाणं त्याचं, फलंदाज टिकला तर फलंदाजाचं. तिथे भाषणाची गरजच उरत नसे. आज नाण्याची गोष्ट सांगणारे खूप आहेत, पण तसं काम आखून देणारे कमी. गोलंदाजासाठी स्टंपपासून पाच-सहा मीटरवर चुन्याचा पट्टा ओढा. सहा चेंडूंत किती पट्ट्यावर पडले, ते आधी मुलालाच विचारा, मग वहीत लिहा. सहा चेंडू होईपर्यंत गप्प राहणं सरांना जड जातं, हे खरं.

मागे वाकताना कमरेत एका बाजूला दुखलं की गोलंदाजी त्याच दिवशी बंद. स्प्रे मारून ‘दोन ओव्हर टाक, मोकळं होईल’ म्हणणाऱ्यांच्या हाती मूल देऊ नये. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटलो असंही नाही. सुरुवातीचा तडा त्यात बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. विश्रांती काही महिन्यांची असते आणि घरी बसलेला मुलगा खेळापासून तुटतो. त्या काळात त्याला मैदानावर बोलवावं आणि इतरांचे चेंडू मोजायची वही त्याच्याच हातात द्यावी.

— शालेय क्रिकेटचे दोन प्रशिक्षक, मुंबई